जेवणानंतर एक तास

"रक्त कमी आहे तुझं. लोहाच्या गोळ्या घे, आणि जेवताना चहा घेऊ नकोस. निदान तासभर जाऊ दे, नाहीतर अन्नातलं लोह अंगी लागत नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चहाने कधी कुणाचं वाकडं झालंय!

आठ दिवसांनी मी चक्कर येऊन पडले... तेही चहाच्याच दुकानात.

मी डोळे तपासायचं काम करते. आमचं चष्म्याचं दुकान दुपारी एक ते तीन बंद असायचं. शेजारी सुट्या चहापत्तीचं दुकान. तिथे चाखायला कप मिळायचा, म्हणून मी तिथल्याच बाकावर डबा खायची. घासागणिक घोट! त्या दिवशी डोळे उघडले, तर दुकानदार पुठ्ठ्याने वारा घालत होता. तरुण, गालाला पत्तीचा एक कण चिकटलेला. मला आधी तो कणच दिसला.

"हिमोग्लोबिन किती आहे?" माझे पांढरे पडलेले ओठ बघत त्याने विचारलं.

"आठ..."

"आणि माझ्याच दुकानात बसून हा उद्योग!" त्याने माझा कप उचलून नेला. "उद्यापासून जेवणानंतर एक तास तुम्हाला चहा मिळणार नाही."

"गिऱ्हाइकाला नाही म्हणता?"

"गिऱ्हाईक टिकायला नको?"

गल्ल्यावरची त्याची आत्या खुदकन हसली.

मग रोज डबा, आणि तो तास. वेळ जावा म्हणून तो एकेक बरणी उघडून माझ्या नाकाशी धरायचा. पांढरा चहा म्हणजे कोवळे कोंब, नुसते सुकवलेले. हिरवा, तोडल्या तोडल्या उष्णता दिलेला. काळा, चुरगळून हवेवर ठेवलेला.

"झुडूप एकच," तो म्हणाला. "पान किती वेळ थांबतं, त्यावर रंग चढतो."

हे सांगताना तो बरणीकडे बघत नव्हता...

"आणि हे सुचलं कुणाला?" मी घाईघाईने विचारलं.

"जुनी दंतकथा आहे. एका राजाच्या उकळत्या पाण्यात वाऱ्याने पानं पडली."

"म्हणजे कचरा पडला आणि राजा म्हणाला, वा!"

"राजाला नावं ठेवू नका. त्याच्यामुळे तुम्ही इथे बसता."

"चहामुळेच बसते, असं कुणी सांगितलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याचे कान लाल झाले.

"अरे, तास होऊन वीस मिनिटं झाली," आत्या म्हणाली. "तुझं घड्याळ चालतं की लाजतं?"

तीन महिन्यांनी दवाखान्यात रिपोर्ट हाती आला. बारा! मी धावत त्याच्या दुकानाकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत थबकले. आता तिथे थांबायचं काय निमित्त सांगायचं?

त्याने कागद दोनदा वाचला. आधी चेहरा फुलला, मग हळूच मिटला.

"छान झालं. म्हणजे आता... मला अडवायचा हक्क नाही."

डबा संपतो न संपतो तोच त्याने वाफाळता कप समोर ठेवला आणि पाठ फिरवून उगाच बरण्या पुसू लागला. मी कपाकडे बघत राहिले. हा प्यायला की दहा मिनिटांत उठायचं. चार गिऱ्हाइकांसारखं.

मी कपावर बशी झाकली.

"गार होईल," तो न वळताच म्हणाला.

"होऊ दे. मी थांबते."

"तासभर?"

"तू म्हणशील तेवढं."

तू! त्याच्या हातातलं झाकण सुटलं, बरणी कलंडली, पत्ती पार दारापर्यंत गेली. त्यातून वाट काढत तो आला आणि माझ्या शेजारी बसला. बाकावरच्या माझ्या हातावर हात ठेवला... पत्तीने खरखरीत झालेला.

आत्या किल्ल्या घेऊन उठली. "दुकान बंद करते मी. आतून करू की बाहेरून, तेवढं सांगा."

या गोष्टीला चार वर्षं झाली. आमची लेक पाच महिन्यांची आहे. हे लिहितानाही मी दोनदा उठून तिचा श्वास बघून आले. तिच्या जन्मानंतर पाहुण्यांची रीघ लागली होती. सगळे पाळण्यापाशी. माझी खालची पापणी ओढून आत रक्ताची लाली आहे का, हे रोज बघणारा तो एकटाच होता.

तुमच्या ओळखीत कुणी नुकती बाळंत झाली असेल, तर आज जाऊन या. बाळाला बघायला सगळेच जातात. तुम्ही तिला बघा. जेवलीस का, दम लागतो का, विचारा. "मी ठीक आहे" म्हणाली, तर पुन्हा विचारा.