हेवा असेल तरच ई-बाईक

धनंजय शिंत्रेची कार सासऱ्यांच्या बोळात शिरत नसे. ती लांब लावून तो घामाघूम होऊन दारात पोचला, तर धाकटा साडू मिलिंद याची ई-बाईक थेट पायरीपाशी! सासरे तिच्यावरून कौतुकानं हात फिरवत होते. धनंजयच्या पोटात दुखायला लागलं.

"फुकट मिळाली म्हणे," सासरे म्हणाले.

"मग मीही करतो अर्ज."

"अर्ज चालत नाही हो, धनंजयराव," मिलिंद हसला. "आपला हेवा करणारा कुणीतरी कारमालक असावा लागतो."

योजनाच तशी होती. सवलती झाल्या, भाषणं झाली, लोक काही कार सोडीनात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की उपदेशानं न हलणारा माणूस हेव्यानं हलतो. चालकाला डुलकी लागू नये म्हणून कारमध्ये कॅमेरे होतेच. आता ते आत बसलेल्या मालकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास, जबड्याचा ताण टिपून तो सगळ्यात जास्त कुणावर जळतो, ते ठरवत. यंत्रणेचं नाव हेवामापक. ज्याचा हेवा, त्याला ई-बाईक. ती बघून मालकही कार सोडायचा.

म्हणजे त्या मिलिंदवर जळणारं कुणीतरी होतं, आणि आपल्यावर कुत्रंसुद्धा नाही! धनंजयला घास गिळवेना. परतताना तो बायकोवर, रेवतीवर, उगाच खेकसला. ती शेजारच्या सीटवर बसली होती.

महिन्याभरानं निरोप आला, आपली निवड झाली आहे. धनंजय अक्षरशः नाचला. कोण बरं जळत असेल? ऑफिसातले साहेब? वरच्या मजल्यावरचे दीक्षित?

"नाव सांगता येत नाही, सर," ई-बाईक वाटप केंद्रावरच्या मुलीनं किल्ली दिली. "पण हेवा जबरदस्त आहे."

"अहो, कशाचा, ते तरी सांगा!"

तिनं पडद्यावर पाहिलं. "स्टिअरिंगवरच्या तुमच्या हातांचा. शेजारच्या सीटवरून."

धनंजयचं हसू मावळलं. कार रेवतीच्या नावावर होती, कर वाचावा म्हणून. लग्नाआधी ती भावाची जीप बिनधास्त घाटातून न्यायची. लग्नानंतर तिनं एकदाच किल्ली मागितली, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "राहू दे, ठोकशील कुठंतरी."

तो ई-बाईक ढकलत बाहेर आला. कारमध्ये वाट बघणाऱ्या रेवतीनं काच खाली केली. तिनं बाईक नीट न्याहाळली. मग अगदी शांतपणे तिनं विचारलं,

"तुम्ही हिच्यावरून येणार. मग कार घरी कोण नेणार?"