चौथा आकडा

"श्या... पुन्हा झाकणच."

सिंगापूरमधल्या सेंबवांगच्या किनाऱ्यावर, रविवारी सकाळी साडेसातला, मराठीतला वैताग कानावर पडेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. मी हसले. वाळू उकरत बसलेल्या त्या माणसाने वर पाहिलं. कानांवर हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, कपाळाला वाळू.

"हसा. सकाळपासून बाटल्यांची अकरा झाकणं सापडलीत."

"मग बारावं शोधा," मी म्हणाले.

पण पुढे निघाला तो घडीचा चाकू. गंजून घट्ट मिटलेला, पाठीला दोरखंडाच्या गाठी सोडवायचा जाड दाभण. माझ्याबरोबर आलेले बाबा एकदम पुढे सरसावले.

"फौजी आहे हा. कोणत्या सालचा?"

त्यांचे वडील एकेचाळीस साली पलटणीबरोबर सिंगापूरला आले आणि बेचाळीसच्या फेब्रुवारीत शहर जपान्यांच्या हाती पडल्यावर त्यांचं पत्र आलं नाही. बाबा तेव्हा पाच महिन्यांचे होते. माझ्या यिशुनच्या फ्लॅटवर राहायला आल्यापासून दर रविवारी ते मला इथे आणायचे, नुसतं पाणी बघायला. वडिलांची म्हणावी अशी एकही वस्तू त्यांच्यापाशी नव्हती.

"काका, पात्याच्या बुडाशी शिक्का असतो," तो म्हणाला. प्रबोध त्याचं नाव. क्वीन्सटाउनला राहणारा, सॉफ्टवेअरवाला. "ब्रिटिश सरकारी माल असेल तर बाणाची खूण आणि साल. पण घासायचं नाही, गंजाबरोबर सालही जातं. तेलात भिजवायचं, आणि बांबूच्या काडीने हळूहळू..."

"म्हणजे किती दिवस?" धीर नावाची गोष्ट माझ्याकडे नाही.

"किती रविवार, ते विचारा."

तेव्हापासून रविवारी मी आणि प्रबोध घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, बसू लागलो. बाबा वर वाट बघत. पहिल्या रविवारी पातं उघडलं. दुसऱ्या रविवारी बाण दिसला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलं नाही. तिसऱ्या रविवारी एक, नऊ, चार... चौथा आकडा गंजाखालीच. वाकून काम करताना त्याच्या चष्म्यावर तेलाचा थेंब उडाला, तो मी ओढणीने पुसला. दोघंही उगाच चाकूकडे बघत राहिलो.

चौथ्या रविवारी त्याने चाकूभोवतीचं फडकं सोडलंच नाही.

"मधुवंती... शेवटचा आकडा पाच आहे."

पंचेचाळीसचा चाकू. बेचाळीसमध्ये हरवलेल्या माणसाच्या खिशात तो असणं शक्यच नव्हतं.

"कधी दिसला?"

"मागच्या रविवारी. तू कॉफी आणायला गेलीस तेव्हा." तो टेबलाकडे बघत म्हणाला. "सांगितलं असतं तर काम संपलं असतं. मग तू... आली नसतीस."

"आठवडाभर माझे बाबा देवघरात जागा करून बसलेत, प्रबोध. चाकू ठेवायला."

मला संताप आला. आणि त्या संतापातच, लाज वाटावी इतका आनंदही झाला.

"एकेचाळीस सांगू या," मी म्हणाले. "त्यांना कुठे वाचता येणार आहे एवढं बारीक?"

"नको. एकदा लपवून बघितलं मी. झोप लागली नाही."

"मग तूच सांगायचंस. आत्ता."

वर घरी येऊन त्याने बाबांना सांगितलं. उभ्यानेच, काही न लपवता; साल, आणि आठवडाभर गप्प बसल्याचंही. बाबांनी चाकू हातात घेतला, पात्यावरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

"माझ्या वडिलांचा नाही, ठीक. कोणाच्या तरी वडिलांचा असेलच की," ते म्हणाले, आणि केलेल्या जागेवर त्यांनी तो ठेवला. मग वळून प्रबोधकडे पाहिलं. "पण आठवडाभर का थांबलास?"

प्रबोधचे कान लाल झाले. उत्तर त्याचं होतं, पण दिलं मी.

"मी येत राहावं म्हणून, बाबा. आणि वेडा आहे तो... मी तशीही येणारच होते."