गोल ओरखडे

सुषमा दौंडला खासगी तपास करणाऱ्या करुणा जगतापकडे आली ती नवऱ्याचं, हनुमंतचं, हेल्मेट पिशवीत घालून. पोलिसांनी ते तिलाच परत दिलं होतं.

हनुमंत केंदूरहून सकाळी कारखान्याला निघाला, समोर कोवळं ऊन होतं, आणि रस्त्यालगत उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसलीच नाही. तो जागीच गेला. हेल्मेटची काच कामातून गेलेली होती, असं बघ्यांनी सांगितलं. हेल्मेट रोज सुषमा पुसायची. तेराव्याला साऱ्या भावकीसमोर सासरे गेणबा म्हणाले की काच हिनंच पुसून पुसून खराब केली. तिला भांडगावला माहेरी धाडलं आणि सहा वर्षांच्या प्रगतीला ठेवून घेतलं.

"माझी लेक मला मिळंल का, ताई?" एवढंच तिनं विचारलं.

करुणानं काच उजेडात धरली. डाव्या कडेला डांबराचे सरळ ओरखडे होते. बाकी काच मात्र आतून-बाहेरून बारीक गोल रेघांनी भरली होती. काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत करडी पूड होती.

"रस्त्यावरची धूळ," माऊली म्हणाला. माऊली पूर्वी पोस्टमन होता, आता करुणाची गाडी चालवायचा आणि मत मात्र न मागता द्यायचा.

"तुम्ही कशानं पुसायचा?" करुणानं विचारलं.

ओलं फडकं थोडा वेळ काचेवर ठेवायचं, चिकटलेले किडे भिजले की साबणाच्या पाण्यानं हळू धुवायचं, असं सुषमानं सांगितलं. एकदा तिनं पदरानं कोरडीच पुसली, तेव्हा हनुमंत केवढा रागावला होता. शनिवारी ती माहेरी गेली आणि सोमवारी हे घडलं.

सुषमाला घेऊन ते केंदूरला गेले. तिथं आधी तिचा दीर शंभू भेटला. त्याचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं, थिनरचे डबे रांगेनं मांडलेले. माऊलीला तिथंच चोर सापडल्यासारखं वाटलं.

"रविवारी दादाची गाडी धुतली म्या," शंभू म्हणाला. "हेल्मेटला हात न्हाई लावला. काचंवर किडं चिकटल्यालं व्हतं, पर वहिनीबिगर कुणी पुसल्यालं त्याला चालत नव्हतं."

घरापाशी आल्यावर सुषमा बाहेर गाडीतच थांबली. गेणबा घराच्या ओसरीत बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. आत गॅस होता, पण अंगणात त्यांच्या आंघोळीच्या पाण्याची चूल होती आणि शेजारी राखेचं घमेलं. विजेच्या दिव्याखाली खुंटीला कंदील टांगलेला, त्याची काच लखलखीत.

"अजून कंदील लागतो, आबा?" करुणानं विचारलं.

"लाईटीचा काय भरवसा? रोज घासतो मी. मेंढरं राखायचो तवापास्नं."

परसात माऊली कुजबुजला, "थिनरच असणार."

"थिनरनं काच पांढुरकी पडते, गोल रेघा येत नाहीत. पडताना डांबरावर आलेले ओरखडे सरळ आहेत, तेही एकाच बाजूला. रविवारी काचेवर किडे होते आणि सोमवारी एकही नव्हता, म्हणजे मधल्या वेळात ती कुणीतरी पुसली. सुषमा तेव्हा भांडगावला होती. आतून-बाहेरून, गोल गोल, कोरड्या राखेनं काच कोण घासतं?"

माऊलीनं ओसरीकडे पाहिलं. असलं उत्तर सापडूच नये असं त्याला वाटलं.

करुणा म्हाताऱ्यापाशी खाली बसली. "आबा, सोमवारी पहाटे हेल्मेट तुम्ही पुसलंत?"

"व्हय. सून घरी न्हाई, किडं तसंच. म्हटलं, पोराला नीट दिसावं. राखुंडीनं चांगलं घासलं." ते थांबले. "चरे तिनं आधीच पाडल्यालं असतील."

"हेल्मेटची काच कंदिलाची नसते, आबा. ते प्लॅस्टिक असतं. राखेनं त्यावर रेघा उठतात आणि ऊन पडलं की सगळं पांढरं दिसतं. तुमच्या डोळ्यांना त्या दिसल्या नाहीत."

गेणबांनी आपली बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. माऊलीला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"भाईर कोन हाय?"

"सुषमा."

म्हाताऱ्यानं काठी घेतली. सुनेशी न बोलता त्यांनी नातीला हाताला धरलं आणि तडक देवळापुढच्या पारावर गेले. भावकीतले सात-आठ जण तिथं बसले होते. मागोमाग आलेली सुषमा लांबच थांबली.

"तेराव्याला मी हितंच हिला बोल लावला," गेणबा म्हणाले. "ती काच म्या घासली. माझं पोरगं माझ्या हातानं गेलं. सुनंचा काय बी दोष न्हाई." मग सुषमापाशी जाऊन त्यांनी प्रगतीचा हात तिच्या हातात दिला. "हिला घिऊन भांडगावला ऱ्हा, न्हाईतर हितं ऱ्हा. तुला वाटंल तसं. मला काय तोंड न्हाई."

सुषमानं लेकीला पोटाशी धरलं. माऊलीला वाटलं, आता ही पाठ फिरवणार, आणि फिरवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं डोळे पुसले, दुसरा हात पुढे केला.

"चला घरी, आबा," ती म्हणाली. "पायरी हाय, जपून."