लांबीचा रकाना

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "तुमच्या आईकडच्या तीन पिढ्या. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, मिळेल तेवढं लिहून आणा. रक्ताचं हे दुखणं घराण्यातून येतं. कुठून आलं ते कळलं, तर औषधाची दिशा तरी मिळेल."

दिशा म्हणे! सात महिने पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि यांना आता दिशा हवी होती. सात वर्षांची पोर. साखर दिसली की हजर, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. आता ती मुंगी उशीवरून मान उचलत नव्हती. बाप मागेच वारलेला. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची आणि घरात तिसरी होती ती आईची आई, म्हातारी.

त्या म्हातारीला विचारलं, तर ती ताकास तूर लागू देईना. "मेलेल्यांची विचारपूस करून जिवंत बरे होतात होय?" असं म्हणून ती दवाखान्यात मुंगीच्या खाटेशी पाठ फिरवून बसली. मग काय, शिवणवाली कागद-पेन्सिल घेऊन निघाली थेट दफनभूमीत. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

तिची आजी, पणजी आणि खापरपणजी भिंतीच्या कडेला एका रांगेत होत्या. दगडांवर शेवाळ चढलं होतं. तिनं ते नखांनी खरवडलं, बोटानं अक्षरं चाचपली आणि वयं उतरवली. चौतीस. सदतीस. एकतीस. बापरे, सगळ्या ऐन उमेदीत गेलेल्या! तिला स्वतःला तेहतीस पूर्ण झाली होती. पण दगड वय सांगतो, दुखणं सांगत नाही. म्हणून ती फाटकाशेजारच्या कचेरीत गेली.

तिथला कारकून केसांनी पांढरा आणि जिभेनं तिखट. "इथं आलेल्यांना कुणी भेटायला येत नाही, आणि आलंच तर हिशेब विचारायला," असं पुटपुटत त्यानं जुनी वही काढली, फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला. वहीत नाव, वय, ओळ आणि शेवटी लांबी असे रकाने होते.

"लांबी कशाला?"

"खणणाऱ्याला आदल्या दिवशी सांगावी लागते ना, बाई. मोठ्या माणसाला साडेसहा फूट. पोराला त्याच्या मानानं."

तिनं आजीच्या नावावर बोट ठेवलं. वय चौतीस. लांबी चार फूट.

पणजी. चार फूट दोन इंच. खापरपणजी, पावणेचार.

"हे चुकलंय," ती म्हणाली. रोज मापं घेणारी बाई ती. चार फुटांत कोण मावतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पिशवीतला टेप घेऊन ती बाहेर गेली आणि थडग्यांचे कठडे मोजून आली. वही चुकली नव्हती.

कारकुनाची जीभ एकदम जड झाली. "तुमच्या आजीचा खड्डा माझ्या बापानं खणलाय. मी बघत होतो. आदल्या दिवशी निरोप आला, लहान मुलगी आहे, रात्र काढत नाही. सकाळी बघतो तर ती मुलगी ठणठणीत, मामाचं बोट धरून उभी. आणि गाठोडं मात्र तेवढंच आलं. नाव सांगितलं आईचं. बाप म्हणाला, खड्डा वाढवतो. मामा म्हणाला, नको, आहे तेवढा बस झाला."

"मुलगी वाचली?"

"वाचली की! तुमची आईच ती."

बाकीचं तिच्या कानांत शिरलंच नाही. गाठोडं लहान का, हे तिच्या मनात आलंही नाही. पोर मरायला टेकली होती आणि उठून उभी राहिली, एवढंच तिनं धरलं. आई गेली तर गेली! तिला तेच तर हवं होतं. ती अक्षरशः धावत दवाखान्यात पोचली.

साडेचार वाजले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. डॉक्टरीणबाई नुकत्याच येऊन गेल्या होत्या. संध्याकाळ निघेल असं वाटत नाही, असं म्हातारीला सांगून गेल्या होत्या.

"आई, आजीनं काय केलं होतं?"

म्हातारीनं मुंगीचं पांघरूण सारखं केलं. "हात धरला होता. सोडायचा नाही. हिचं मला येऊ दे, एवढंच मनात धरायचं."

"मग मुंगी उठेल?"

"घरात मूल राहील," म्हातारी म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं.

ती खुर्ची ओढून बसली. मुंगीचा हात हातात घेतला. हाताला नुसती हाडं लागली. माझं काय व्हायचं ते होऊ दे. माझं काहीही होऊ दे.

आधी मुंगीची बोटं गार पडली. मग तिची.

मुंगीनं डोळे उघडले. "आई, सोड ना."

"थोडं थांब, राजा."

"सोड. मला ढकलू नको. मला कसंतरी होतंय."

तिनं सोडला नाही.

मग वर छत दिसलं. मनगटात सुई ठणकत होती. ती उठून बसली. किती सहज उठता आलं!

म्हातारी तिच्यावर वाकून रडत होती. "मलाही असंच वाटलं होतं गं," ती हळू आवाजात म्हणाली, "की मी तिला वाचवतेय. तेव्हा हात धरणारी मीच होते."

"मुंगी?" तिनं हाक मारली.

आवाज मुंगीचा निघाला.

शेजारच्या खुर्चीत तिचेच कपडे बसले होते. गळा खांद्यावरून घसरलेला, बाह्या कोपरापासून पुढे रिकाम्या. चपला खाली पडल्या होत्या आणि पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते.

म्हातारीनं डोळे पुसले आणि खुर्चीवर चादर घातली. चादरीखाली एक पाय हळूच हलला.