सुईच्या धड्याच्या दोन प्रती

झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र म्हातारं होतं. कागद बाहेर टाकताना ते असं कण्हायचं, की रांगेतल्या माणसांना एकमेकांशी बोलल्यावाचून गत्यंतर नसे. बाई... शाळेत सगळे तिला नुसतं बाईच म्हणत... गरम कागदांची चळत हातावर घेऊन उभी होती, तोच मागून आवाज आला.

"हा धडा असा नाहीये."

तिनं वळून पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब, बगलेत मिटलेली छत्री आणि तरी चिंब भिजलेला माणूस!

"मूळ धडा असा नाही, ते मलाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिथं पहिल्याच ओळीत उत्तर. म्हणे, सुई पाण्यावर तरंगते! मग पोरांनी बघायचं काय, माझं तोंड? लिहिणाऱ्यानं जन्मात वर्ग पाहिला नसेल."

"पाहिलाय," तो हळूच म्हणाला. "वर्षभर. फळ्याच्या बाजूनं."

यंत्र कण्हायचं थांबलं.

"म्हणजे... तुम्ही?"

"मीच."

विज्ञानाचे हे धडे इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेले होते. कुणीही घ्यावेत, शिकवावेत, चूक दिसली तर कारण लिहून सुधारणा सुचवावी. ती मूळ धड्यात घ्यायची की नाही, हे हा माणूस ठरवी. म्हणून शिक्षक त्याला राखणदार म्हणत. बाईनं जीव ओतून पाठवलेली सुधारणा त्यानं तीन शब्दांत परत केली होती... 'कारण पुरेसं नाही.' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं सगळ्या धड्यांची स्वतःची वेगळी प्रत काढली. तशी मुभा सगळ्यांनाच होती. मग ती तिनं हवी तशी बदलली. बघता बघता निम्मे शिक्षक तिच्या प्रतीवरून शिकवू लागले आणि एकाच शाळेत शेजारशेजारच्या वर्गांत दोन तऱ्हा झाल्या.

"पोरांचे हाल होतायत," राखणदार म्हणाला. "दोन्ही प्रती एक करू या?"

"भांडण होईल."

"होऊ दे की. शनिवारी वाचनालयात?"

अशी सुरुवात झाली. जिथं दोघांपैकी एकानंच बदल केला होता, तिथं संगणक आपणहून जुळवून घेई. पण एकच ओळ दोघांनी बदललेली असली की तो अडून बसे आणि ती लाल करून दाखवी. त्या ओळीला ते 'तंटा' म्हणत. तंटा माणसांनीच मिटवायचा. खिडकीजवळच्या टेबलावर दोन खुर्च्या शेजारीशेजारी, मध्ये एक संगणक आणि भांडण मात्र कुजबुजत, कारण ग्रंथपाल डोळे वटारायचे.

"तुमची वाक्यं फार लांब असतात हो."

"आणि तुमची इतकी तुटक, की वाचणाऱ्याला वाटावं रागावलाय कोणीतरी."

"रागावलेच होते मी!"

"अजून?"

ती खिडकीबाहेर पाहू लागे. काचेवरून पाणी ओघळत असायचं.

घरी वहिनी केस विंचरता विंचरता आरशातून बघायची. "धडे जुळवायला नवी साडी लागते का हो, वन्सं?"

"काहीतरीच तुझं, वहिनी!"

पण तंटे कमी होत चालले, तसा बाईचा जीव खालीवर होऊ लागला. शेवटची लाल ओळ मिटली की प्रती एक होणार. मग शनिवार कशाचा? तो काही बोलत नव्हता. धड्यातल्या स्वल्पविरामावर तासभर बोलणारा माणूस, एवढ्याशा गोष्टीवर मात्र मुका!

एका शनिवारी तिनं डोळे बारीक केले. "लोहचुंबकाची ही ओळ परत लाल कशी? हा तंटा आपण मिटवला होता."

राखणदार चष्मा पुसू लागला. पुसून झाला तरी पुसत राहिला. "मीच... पुन्हा उकरला. घरी बसून एक शब्द बदलला."

"का?"

"इतक्यात संपायला नको म्हणून."

तिला हसू आवरेना. तेवढ्यात तो म्हणाला, "पण सावलीच्या धड्यातला तंटाही पुन्हा उगवलाय. त्याला मी हात लावलेला नाही."

बाईचे कान तापले. "वारा आला असेल."

"संगणकात?"

ग्रंथपालांनी डोळे वटारले.

शेवटी उरली ती सुईची ओळ. तिच्यावर मात्र तो हटून बसला आणि पहिल्यांदाच खरं कारण त्याच्या तोंडून आलं. "माझ्या वर्गात सुई बुडाली होती. भरल्या वर्गासमोर. पोरं हसली आणि मी... वर्ष संपताच शाळा सोडली. नव्या शिक्षकावर ती पाळी येऊ नये. प्रयोग फसला तरी हातात उत्तर असावं, म्हणून ते वर लिहिलं."

ज्याला बाई आजवर हेका समजत होती, ती त्याची जुनी जखम निघाली. ती उठली, ग्रंथपालांकडून वाटीभर पाणी मागून आणलं आणि पदराची टाचणी काढून त्याच्यापुढे धरली. "सुई नाही, पण हीच ठेवा."

त्यानं ती घाईनं पाण्यात सोडली. टाचणी तळाशी गेली.

"आता पोरं काय करतील?"

"हसतील."

"मग मीही हसते." आणि ती हसली, इतकं मोकळं की तोही हसला. तिनं टाचणी पदरानं कोरडी केली. "आडवी. अलगद. पाण्याला कळूसुद्धा द्यायचं नाही."

टाचणी तरंगली.

मग दोघांनी मिळून ओळ लिहिली: 'बुडाली तर वर्गाबरोबर हसावं, सुई पुसावी, पुन्हा ठेवावी. का तरंगली, ते मुलांना सांगू द्यावं.' उत्तर गेलं शिक्षकांसाठीच्या शेवटच्या पानावर. लाल रंग नाहीसा झाला. प्रती एक झाल्या.

त्यानं छत्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"पुढच्या शनिवारी..." तो म्हणाला.

"कशासाठी? कारण लिहावं लागतं. तुमचाच नियम."

"तुम्ही शेजारी नसलात की मला एक ओळ धड लिहिता येत नाही. जन्मभर शेजारी असावं, असं वाटतं." त्यानं चष्मा सारखा केला. "कारण पुरेसं आहे का... बघा."

"तपासून सांगते."

त्याचा चेहरा एवढासा झाला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"तपासलं," ती म्हणाली. "पुरेसं आहे."

टेबलाला कुणाचा तरी धक्का लागून टाचणी केव्हाच बुडाली होती. तिच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.