रिगोच्या झग्याची किनार

कार्पाथोस बेटावर दुपारची जेवणं उरकली की सारं गाव दारं लोटून आडवं होतं. अशाच एका दुपारी सेवास्ती आपला लग्नाचा झगा उन्हात टाकायला निघाली. लग्न रविवारवर आलेलं. पेटी उघडली, तर सुक्या तुळशीच्या वासाऐवजी ओल्या मातीचा भपकारा आला.

तिने झगा हातात घेऊन उलगडला. काल आईने वर दुमडून घेतलेली किनार पुन्हा उसवलेली होती. अगदी सुबक, एकही धागा न तुटता.

"आई, परत तेच…"

"तूच उसवतेस," तिची आई कालिओपी सुई शोधत म्हणाली. "लग्न नको असेल तर तोंडाने सांग की."

"मी कशाला उसवू? एवढा लांब झगा घालून चर्चच्या पायऱ्यांवर तोंडावर आपटायला?"

तो झगा कुणाच्या मापाचा होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. सेवास्तीची थोरली बहीण रिगो ताडमाड उंच. आईचा झगा, सोन्याच्या नाण्यांची माळ, सगळं थोरलीचं, ही इथली रीत. आणि पोर कुमारी गेली तर तिला नवरीच्या झग्यातच पुरायचं, हीसुद्धा. पण रिगो तापाने गेली, तेव्हा आईने तिच्यासाठी साधा निळा कपडा शिवला, दोऱ्याला गाठ न मारता. मेलेल्याच्या कपड्याला गाठ मारत नाहीत, जीव अडकतो. झगा मात्र पेटीतच राहिला.

"एक पोर मातीत गेली," आई हळू आवाजात म्हणाली. "दुसरीला रिकाम्या हाती कशी पाठवू? कोणी करून घेतलं असतं तुला?"

सेवास्तीला आईचा राग आला आणि कीवही आली. "तिचं तिला देऊ या, आई. मी मावशीचा झगा घालेन."

तिने झगा घडी घालून काखेत मारला. सेवास्ती भर उन्हात कबरस्तानातल्या छोट्या चर्चपर्यंत चढून गेली. रिगोची हाडं गेल्याच वर्षी इथल्या रीतीप्रमाणे उकरून, वाइनने धुऊन तिथे लाकडी पेटीत ठेवली होती. पेटीवर झगा पसरून ती म्हणाली, "रागावू नकोस गं ताई. तुझं तुला दिलं."

कितीतरी दिवसांनी तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी ती मावशीचा झगा उचलणार, तोच आई धापा टाकत आत आली. हातात रिगोचा झगा, डोळ्यांना धार लागलेली.

"तिनेच दिला गं तुला. सकाळी तिच्या पेटीपाशी दिवा लावायला गेले, तर ही किनार बघ… तुझ्या मापाची. मी हात लावलेला नाही, तुझी शपथ."

सेवास्तीने झगा अंगात घातला. बरोब्बर घोट्यापर्यंत. टाके रिगोचेच, बारीक, कणीसारखे. बहिणीच्या मायेने तिलाही रडू फुटलं. गल्लीत वाजंत्री जवळ येत होती.

सवयीने तिने किनार उलटी केली, दोऱ्याचं टोक चाचपलं. मग सगळा घेर बोटांखालून घातला. आणि पुन्हा एकदा.

"काय झालं गं?"

"गाठ नाही, आई… कुठेच नाही."

आईने झगा तिच्या अंगातून ओढून काढायला हात पुढे केला. तोवर वाजंत्री दाराशी आली होती, आणि खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता.