लवूच्या कमरेचा फोटो

"श्वास रोखा... हलू नका."

टेबलावर उताणा पडलेला तरुण हसला. "तुम्ही अशा वाकून बघताय, बाई... श्वास आपोआपच अडकलाय!"

मी गिरगावची उर्मिला. सत्तावन्न साली परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. तो लवू, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, गिरणीत मागावर विणकर.

"पहाटे कंबर लाकूड होते," तो म्हणाला. "दोन तास काम केलं की सुटते. म्हणून आमचा मुकादम, जॉबर, म्हणतो, सोंग करतोस. आई म्हणते, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी खाल्लीस, त्याचं हे."

मी ओली फिल्म उजेडात धरली. माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंच्या सांध्यांत स्पष्ट रेघ दिसायला हवी. इथं ती पुसट, वाळवी लागल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, "लाठीचं नाही हे. सांध्यांना सूज आहे. वर चढली तर कणा ताठेल."

मग गोळ्या, फळीवर झोप, व्यायाम. आठवड्यातून दोनदा विजेचा शेक—माझ्या शेजारच्याच खोलीत.

"आज कुठवर वाकलात?"

"घोट्यापर्यंत. पुढच्या आठवड्यात तुमच्या पायांपर्यंत!"

"ते कशाला?"

"नमस्काराला." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "सोंग नाही, हे तुमच्या फोटोनंच दाखवलं ना..."

तीन महिन्यांनी तो यायचाच थांबला. पंधरा दिवस मी दाराकडे बघत राहिले. शेवटी केसपेपरवरचा पत्ता घेऊन चाळीत गेले.

त्याची आई, सुभद्राबाई, दारातच म्हणाली, "बरो आसा गो तो. पण थंय इस्पितळात जावचो नाय म्हणता."

लवू गॅलरीत उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टरांना विचारलं, कणा ताठणार नाही अशी खात्री द्याल? नाही म्हणाले. अशा माणसानं तुमच्यात जीव गुंतवू नये, बाई..."

"आणि माझा गुंतलाय त्याचं काय?" मी त्याच्या शेजारी कठड्यावर हात ठेवला. "तुझा फोटो तुझ्याआधी मी पाहिलाय, लवू. सगळं माहीत असूनच आले."

मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. कठड्यावरच्या माझ्या हातावर त्यानं आपला हात ठेवला.

आजारी गिरणी कामगार जावई नको, म्हणून माझे वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य मिळालं, त्याच महिन्यात आमचं लग्न झालं.

आज इतक्या वर्षांनी त्याची मान वळत नाही. मी हाक मारली की तो सगळा माझ्याकडे वळतो.